पहिलाच गुन्हा, प्रोबेशन आणि बॅकग्राउंड चेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच केस अंगावर आलेल्या पोरांचे आणि त्यांच्या आईवडलांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. नोकरी लागेल का, पासपोर्ट मिळेल का, पोलीस व्हेरिफिकेशनला काय येईल. म्हणून इथे सगळं एकत्र लिहिलंय. महाराष्ट्रातल्या कोर्टात जे चालतं त्याच्याबद्दल आहे, शेवटाकडे अमेरिकेतल्या मुलांसाठी पण थोडं आहे. आधीच सांगतो, आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला सांभाळून घेणारा कायदा १९५८ पासून आहे आणि चांगला आहे, पण मागितल्याशिवाय तो सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी रेकॉर्ड कोरा होत नाही. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळेच बहुतेकांचं नुकसान होतं.

पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यासाठी भारतात नक्की काय सवलत आहे?

मुख्य म्हणजे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८, कोर्टात सगळे त्याला प्रोबेशन ॲक्टच म्हणतात. त्यातली कलम ३, ४, ६ आणि १२ ही चार नीट समजून घेतली तर बरंच काम होतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, बीएनएस (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी) आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी), त्यात 'पहिल्यांदाच' असणाऱ्यासाठी वेगळ्या तरतुदी टाकल्यात: पाच हजारांच्या आतल्या चोरीला समाजसेवेची शिक्षा, प्ली बार्गेनिंगमधे (म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्यात) कमी शिक्षा, आणि कच्च्या कैदेत असलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की जामिनाची सोय (जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि दुसऱ्या केसेस चालू नसतील तर). अठराच्या आतल्या मुलांचा कायदा पूर्ण वेगळा आहे, त्याचं खाली लिहिलंय. अमेरिकेत जसा कोर्स केला, तास भरले की केसच बंद, तसं सरसकट काही आपल्याकडे नाही. ड्रग्जच्या कायद्यात तसं एक कलम आहे, तेही खाली येईल.

कलम ३ आणि कलम ४ यात फरक काय?

कलम ३ म्हणजे ताकीद देऊन सोडणं. चोरी, फसवणूक असे काही ठरावीक गुन्हे, किंवा ज्याला दोन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे असा कुठलाही गुन्हा, आणि आधी कुठलीच शिक्षा झालेली नसली पाहिजे. जज समज देतात, विषय संपला. बॉन्ड नाही, हजेरी नाही.

कलम ४ जरा मोठं आहे. फाशी किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर सोडतं, बॉन्ड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आरोपीचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता किंवा नियमित कामधंदा त्या भागात असावा लागतो. कोर्टाला वाटलं तर परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख लावतात, ती लावली तर किमान एक वर्ष. आपल्याकडे हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाकडे असतात, ते घरी येतात, शेजारी विचारतात, कामाच्या ठिकाणी चौकशी करतात. लोकांना याची लाज वाटते, पण त्यांचा रिपोर्ट चांगला आला तर त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही, त्यामुळे ते आले तर नीट बोला, चहा पाजा, खरं सांगा.

कलम ४ मधे 'पहिलाच गुन्हा' अशी अट शब्दशः लिहिलेली नाही, कोर्ट गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाचं चारित्र्य बघतं. पण आधीची शिक्षा निघाली की मिळणं अवघड होतं हे उघड आहे.

माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला जेल होईल का?

इथे कायदा मुलाच्या बाजूने आहे. कलम ६ सांगतं की २१ च्या आतल्या मुलाला (जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर) कोर्टाने तुरुंगात पाठवूच नये, आणि पाठवायचंच असेल तर प्रोबेशन का देत नाही याची कारणं लिहायची, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा रिपोर्ट मागवायचा. पण वय कुठल्या दिवशीचं धरायचं? सुप्रीम कोर्टाने रामजी मिस्सर केसमधे १९६२ लाच सांगितलंय की गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, कोर्ट दोषी ठरवून निकाल देतं त्या दिवशीचं वय. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी भांडण केलं आणि केस रखडत बाविसाव्या वर्षी निकाल लागला तर कलम ६ चा फायदा गेला. म्हणून लहान वयाच्या आरोपीच्या केसमधे तारखा घेत बसणं हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यासारखं आहे, वकिलाला स्पष्ट सांगा की केस लवकर चालवा.

२१ च्या वर असाल तरी कलम ३ आणि ४ मागता येतंच. आणि बीएनएसएसचं कलम ४०२ लक्षात ठेवा: प्रोबेशन देता येण्यासारखी केस असताना कोर्टाने दिलं नाही, तर त्याची खास कारणं निकालात लिहावी लागतात. ती लिहिली नसतील तर अपिलात मुद्दा मिळतो, आणि अपिलाचं कोर्ट किंवा हायकोर्टसुद्धा प्रोबेशन देऊ शकतं.

प्रोबेशनवर सुटलो म्हणजे मी निर्दोष सुटलो ना?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

प्रोबेशन मिळण्यासाठी आधी कोर्ट तुम्हाला दोषी ठरवतं. म्हणजे निकालात 'गुन्हा सिद्ध' असतंच, फक्त शिक्षा सुनावत नाहीत. घरी येऊन आपण सांगतो 'सुटला', गावातही तेच सांगितलं जातं, आणि पाच वर्षांनी फॉर्ममधे 'कधी दोषी ठरला आहात का' याच्यासमोर मुलगा बिनधास्त 'नाही' लिहून येतो. तिथून खरी अडचण सुरू होते. मूळ केस साधी असते, खोटं लिहिणं महागात जातं.

मग कलम १२ चा उपयोग काय?

कलम १२ म्हणतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे एखाद्या कायद्याने जी अपात्रता येते ती लागणार नाही. वाचायला फार छान वाटतं. पण कोर्टांनी त्याचा अर्थ मर्यादितच घेतलाय. १९७५ मधे रेल्वेच्या टी. आर. चेल्लप्पन केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रोबेशनने दोषसिद्धी पुसली जात नाही. १९९० च्या बक्षी राम केसमधे तेच, २०१० मधे एका बँक कर्मचाऱ्याच्या केसमधे पुन्हा तेच. म्हणजे सरकारी खातं किंवा बँक म्हणू शकते की अपात्रता नसेल लागत, पण ज्या वागण्यामुळे केस झाली ते वागणं आम्ही बघणार.

दुसरी बाजू पण आहे आणि ती वकिलाने मांडली पाहिजे. शंकर दास केस, १९८५. दिल्ली दूध योजनेतला कॅश क्लार्क, ५०० रुपयांचा अपहार, पैसे त्याने परत भरलेले, मॅजिस्ट्रेटने कलम ४ खाली सोडलेलं. खात्याने सरळ बडतर्फ केलं. सुप्रीम कोर्टाने तेव्हाही म्हटलं की कलम १२ मुळे नोकरी आपोआप वाचत नाही, पण खात्याला शिक्षा द्यायचा अधिकार आहे म्हणून ती कशीही देता येत नाही, ती न्याय्य असली पाहिजे, आणि त्या माणसाला मागच्या पगारासकट परत कामावर घ्यायला लावलं. माझ्या मते कलम १२ चं खरं वजन इथे आहे. ते दार उघडत नाही, पण दार लावणाऱ्याला कारण द्यायला लावतं.

अजून एक, प्रोबेशनच्या काळात अटी मोडल्या आणि कोर्टाने मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली तर कलम १२ चं संरक्षण पण गेलं.

पोलीस म्हणतात 'गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच मोकळा होशील'. करू का?

घाई करू नका.

जुगाराची धाड, रस्त्यावरचा आरडाओरडा, दारू पिऊन गाडी, किरकोळ मारामारी, अशा केसेसमधे पहिल्याच तारखेला कबुली देऊन दंड भरायची पद्धत सगळीकडे आहे. दोनचार मिनिटांत आटपतं. रोजनाम्यात एक ओळ पडते की आरोपीने गुन्हा कबूल केला, दंड इतका, न भरल्यास साधी कैद इतकी. खिडकीवर पैसे भरायचे, पावती खिशात आणि घरी. त्या एका ओळीचा अर्थ असा की तुम्ही दोषी ठरलात आणि शिक्षा झाली, दंड ही शिक्षाच आहे. आणि प्रोबेशनवाल्याला निदान कलम १२ असतं, तुम्हाला तेही नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं असं करून बसतात, तेव्हा जीव तुटतो. पाचशे-हजार रुपये आणि एक दिवस वाचवायला पोरं किती मोठी गोष्ट देऊन टाकतात, आणि त्यांना थांबवणारं त्या वेळी शेजारी कोणीच नसतं.

कबूल करायचंच असेल, म्हणजे खरंच चूक झाली आहे आणि केस लढवायची नाही, तर त्याच वेळी अर्ज द्या: पहिलाच गुन्हा आहे, आधी शिक्षा नाही, वय इतकं, शिक्षण किंवा नोकरी अशी, तरी कलम ३ खाली ताकीद देऊन सोडावं. सोबत कॉलेजचं बोनाफाईड, पगाराची स्लिप, आधार, जे असेल ते लावा. मंजूर करणं कोर्टाच्या हातात आहे, दारू पिऊन गाडी चालवण्याच्या केसमधे बरेच जज तयार होत नाहीत हेही खरं, पण अर्जच नसेल तर विचार तरी कशाचा करणार.

नवीन कायद्यात समाजसेवेची शिक्षा आली ना? ती बरी का?

जेलपेक्षा बरीच. बीएनएस कलम ३०३(२): चोरीची किंमत पाच हजारांच्या आत, पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. त्याचे पैसे मिळत नाहीत.

पण बॅकग्राउंड चेकच्या दृष्टीने बघा. ही शिक्षा आहे, प्रोबेशन नाही, कलम १२ इथे लागू होत नाही. चोरीला कलम ३ ची ताकीदही चालते, कारण जुन्या आयपीसी ३७९ चं नाव त्या कलमात आहे आणि जुन्या कलमाच्या जागी आता नवीन कलम वाचायचं असतं. त्यामुळे वस्तू परत केली असेल तर आधी ताकीद मागा, ती नाही मिळाली तर समाजसेवा आहेच. हा क्रम वकिलाला पण आठवण करून द्या, नवीन कायदा आल्यापासून बरेच जण सरळ समाजसेवेवरच जातात.

आणि प्ली बार्गेनिंग?

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात चालतं, स्त्रियांवरचे किंवा लहान मुलांवरचे गुन्हे सोडून. पहिल्यांदाच असेल तर कमीत कमी शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि किमान शिक्षा ठरलेली नसेल तर एक षष्ठांश इतक्यावर येऊ शकतं. शिक्षा कमी होते, दोष राहतोच. मात्र त्यातच प्रोबेशनवर सोडायची सोय पण आहे, ती मागून घ्या.

रेकॉर्डच्या दृष्टीने सगळ्यात चांगला शेवट कुठला?

उतरत्या क्रमाने सांगतो. गुन्हा दाखल झाला पण तपासातच पुरावा नाही म्हणून पोलिसांनी समरी (केस बंद करायचा रिपोर्ट) पाठवली आणि कोर्टाने मान्य केली, किंवा हायकोर्टाने एफआयआरच रद्द केला, हे सगळ्यात वर. बीएनएसएस कलम ५२८ खाली, म्हणजे जुनं ४८२, दोन्ही बाजूंचं मिटलं असेल आणि गुन्हा खाजगी स्वरूपाचा असेल तर हायकोर्ट केस रद्द करू शकतं, २०१२ च्या ग्यान सिंग निकालापासून हे पक्कं आहे. त्याच्या खाली आपसात तडजोड, कायद्याने जे गुन्हे तडजोडपात्र आहेत त्यात तडजोड नोंदवली की परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो, लोक अदालतीत हे फुकटात आणि एका दिवसात होतं. मग पुराव्याअभावी निर्दोष. मग कलम ३ ची ताकीद. मग कलम ४. आणि शेवटी दंड किंवा जेल.

शेजाऱ्याशी, भावकीत, पार्किंगवरून झालेल्या मारामारीत प्रोबेशनच्या मागे लागण्याआधी समोरच्याकडे एखादं वडीलधारं माणूस घेऊन जा. माफी मागायला लागली तर मागा. कायद्यात तडजोडीची सोय असताना अहंकारापायी दोषी ठरून घेण्यात काही शहाणपण नाही.

व्हेरिफिकेशनमधे नक्की काय दिसतं?

कोण बघतंय त्यावर आहे.

सरकारी नोकरी, पोलीस भरती, वगैरेत चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्यामार्फत होते. तिथे ठाण्याचं रजिस्टर आणि सीसीटीएनएस, म्हणजे पोलिसांची कॉम्प्युटर सिस्टीम, दोन्ही बघतात. केस नंबर, कलमं, आणि सध्या काय स्थिती ते रिपोर्टमधे लिहून जातं. निर्दोष सुटलात तरी 'केस होती, निर्दोष' असं येऊ शकतं. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायचा बॉन्ड, तोही ठाण्याच्या रेकॉर्डला असतो.

प्रायव्हेट कंपनीत वेगळं असतं. आयटी, बँका, मोठ्या कंपन्या बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, बाहेरच्या एजन्सीला देतात, आणि त्या एजन्सीचा भर ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या केसेसच्या वेबसाइटवर) नावाने शोधण्यावर असतो. तिथे केस संपलेली असली तरी 'डिस्पोज्ड' म्हणून दिसत राहते. काही कंपन्या उमेदवारालाच महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवरून दाखला काढून आणायला सांगतात.

परदेशी जायला पासपोर्ट ऑफिसकडून पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागते, फी ५०० रुपये, पण त्याची चौकशी शेवटी तुमच्याच पोलीस ठाण्यात येते.

फॉर्ममधे काय लिहू? लपवलं तर कळतं का?

कळतं. नोकरी लागल्यावर कळतं, ते जास्त वाईट.

प्रश्न नीट वाचा, प्रत्येक फॉर्म वेगळं विचारतो. सरकारी साक्षांकन नमुन्यात साधारण असं असतं: कधी अटक झाली आहे का, खटला झाला आहे का, स्थानबद्ध होता का, बॉन्ड घेतला आहे का, दंड झाला आहे का, दोषी ठरला आहात का. सहा वेगळे प्रश्न आहेत ते. ताकीद मिळालेल्याने खटला 'हो', दोषी 'हो', दंड 'नाही'. कलम ४ वाल्याने बॉन्ड पण 'हो'. आणि बाजूला किंवा वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहा: कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख, प्रोबेशन ॲक्टच्या कुठल्या कलमाखाली सोडलं, कलम १२ चा उल्लेख, आणि निकालाची प्रत जोडली आहे.

कंपनीच्या फॉर्ममधे फक्त 'सध्या केस चालू आहे का' इतकंच विचारलं असेल आणि तुमची संपलेली असेल तर खरं उत्तर 'नाही' आहे, जे विचारलं नाही ते सांगायची सक्ती नाही.

सुप्रीम कोर्टाने २१ जुलै २०१६ ला अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या केसमधे तीन जजच्या बेंचने हे सगळं नीट मांडलंय. माहिती खरीच द्यायची. किरकोळ गोष्ट असेल, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याची केस, तर लपवल्याकडे सुद्धा नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. खरं सांगितलं तरी तुमची योग्यता तपासायचा त्याचा हक्क राहतो. फॉर्ममधे जे स्पष्ट विचारलंय तेवढंच धरायचं. आणि २०२२ च्या पवन कुमार केसमधे, रेल्वे सुरक्षा दलातला कॉन्स्टेबल, कोर्ट म्हणालं की लपवलं म्हणून डोळे झाकून काढून टाकायचं असं नाही, परिस्थिती बघायची. पण हे निकाल भांडायला उपयोगी आहेत, त्यांच्या भरवशावर खोटं लिहू नका. असं भांडण वर्षानुवर्षं चालतं आणि तोपर्यंत वय निघून जातं.

पासपोर्ट अडतो का?

केस कोर्टात चालू असेल तर अडतो, पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ). पण नुसता एफआयआर म्हणजे चालू केस नाही, कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतली पाहिजे. आणि केस चालू असताना सुद्धा त्याच कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे, कोर्टाने मुदत लिहिली नाही तर एक वर्षाचा. म्हणून अर्ज करताना वकिलाला सांगा की किती वर्षांसाठी हवा ते आदेशात लिहून घ्या.

केस संपल्यावर अडचण तेव्हाच, जेव्हा गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल. प्रोबेशनमधे शिक्षाच सुनावलेली नसते, त्यामुळे हे कलम लागत नाही. फक्त बॉन्डचा काळ चालू असेल आणि त्यात राहण्याच्या जागेची अट असेल तर देश सोडण्याआधी कोर्टाची परवानगी घ्या.

मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. ते पण सांगायचं का?

बाल न्याय कायदा, २०१५ इथे फार उदार आहे. कलम २४ प्रमाणे अपात्रता लागत नाही आणि ठरावीक काळानंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. कलम ७४(२) तर सरळ सांगतं की चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी मुलाचं रेकॉर्ड उघड करायचंच नाही. अपवाद एकच मोठा: सोळाच्या वरचा मुलगा, निर्घृण गुन्हा, आणि मुलांच्या कोर्टाने मोठ्या माणसासारखा खटला चालवला असेल तर कलम २४ चं संरक्षण नाही. तरीही ठाण्यातून रिपोर्टमधे जुनी केस लिहून गेली तर या कलमांचा हवाला देऊन पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी अर्ज करा, तोंडी सांगत बसू नका.

गांजाच्या केसमधे प्रोबेशन मिळतं का?

साधारण नाही. एनडीपीएस, म्हणजे ड्रग्जच्या, कायद्याच्या कलम ३३ ने प्रोबेशन ॲक्ट बंद केलाय, फक्त अठराच्या आतला आरोपी किंवा कलम २६-२७ चा गुन्हा (२७ म्हणजे सेवन) असेल तर उघडा आहे. पण त्याहून चांगलं कलम ६४ए आहे आणि ते फार कमी पालकांना माहीत असतं. व्यसनी माणूस, सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची केस (गांजासाठी एक किलोपर्यंत), आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला गेला आणि पूर्ण केले, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. म्हणजे दोष ठरण्याचा प्रश्नच येत नाही. अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेतात. शिवाय दोषी ठरल्यावर सुद्धा कलम ३९ खाली उपचारांसाठी सोडता येतं. पोरगं खरंच व्यसनात असेल तर यात दोन्ही गोष्टी साधतात, आणि पहिली गोष्ट म्हणजे ते बरं होणं.

मुलगी अमेरिकेत शिकते, दुकानात वस्तू उचलली म्हणून पकडली. वकील म्हणतो फर्स्ट ऑफेंडर प्रोग्राम घ्या, रेकॉर्ड राहत नाही. खरं आहे का?

राज्याच्या कायद्याने खरं, इमिग्रेशनच्या कायद्याने बहुतेक खोटं. इथे फार जपून.

जॉर्जियाचं उदाहरण घ्या, अटलांटाच्या आसपास आपली बरीच मुलं आहेत. तिथल्या फर्स्ट ऑफेंडर ॲक्टमधे गुन्हा कबूल करायचा, प्रोबेशन पूर्ण करायचं, मग राज्य म्हणतं हा माणूस दोषी नाही आणि नोकरी देणाऱ्याच्या चेकमधे ते दिसू नये अशी व्यवस्था आहे. टेक्सासमधे डिफर्ड ॲडज्युडिकेशन असतं, तेही त्याच धर्तीचं. पण फेडरल इमिग्रेशन कायद्याची व्याख्या १९९६ पासून अशी आहे की कबुली दिली आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन लावलं, की ते दोषी ठरणंच. राज्याने नंतर पुसलं तरी व्हिसा आणि ग्रीन कार्डसाठी राहतं. चोरी तिथे नैतिक अधःपतनात धरतात, म्हणून जास्त लागतं, जरी एकाच छोट्या गुन्ह्याला काही वेळा सूट मिळत असली तरी.

म्हणून वकिलाला एकच विचारायचं: यात कबुली द्यावी लागते का? कबुली न घेता, आधीच कोर्स किंवा तास करून सरकारी वकील केस मागे घेतो अशा प्रोग्रामला प्री-ट्रायल डायव्हर्जन म्हणतात, तो मिळाला तर इमिग्रेशनमधे सहसा दोष धरत नाहीत. २०१० च्या पडिल्ला विरुद्ध केंटकी निकालानंतर कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं का हे सांगणं तिथल्या वकिलावर बंधनकारक आहे, पण तरी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठाच. तो खर्च टाळू नका. आणि डीएस-१६०, म्हणजे अमेरिकन व्हिसाचा फॉर्म, अटकेबद्दल पण विचारतो, माफी मिळाली असली तरी, त्यामुळे केस बंद झाली तरी उत्तर 'हो' आणि सोबत कोर्टाचा कागद. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, हे मुलांना जायच्या आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्याच माणसाची केस माझ्या नावावर आली. काय करू?

पाटील, जाधव, शिंदे, पवार आडनावाच्या लोकांना हा त्रास कायमच आहे. एजन्सी नाव आणि जिल्हा बघून मॅच लावते. त्यांच्याकडून केस नंबर लेखी मागा, त्या केसच्या एफआयआरमधे आरोपीचं वडिलांचं नाव, वय, पत्ता असतो, तो तुमच्या आधारशी जुळत नाही हे दाखवा आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्या. चारआठ दिवसांत सुटायला हरकत नाही, पण लगेच कामाला लागा, ऑफर लेटरला मुदत असते.

किती वर्षांनी रेकॉर्ड आपोआप जातं?

सज्ञान माणसाचं आपोआप जात नाही. अमेरिकेसारखी रेकॉर्ड पुसून घ्यायची पद्धत आपल्या कायद्यात नाही. निर्दोष सुटलेल्या काही लोकांच्या बाबतीत हायकोर्टांनी इंटरनेटवरच्या निकालातलं नाव झाकायचे आदेश दिलेत, पण प्रोबेशनवाल्याला तो मार्ग आज तरी भरवशाचा नाही. मला हे चुकीचं वाटतं. वीस वर्षांच्या मुलाला कोर्ट स्वतः म्हणतं की हा सुधारेल, याला जेल नको, आणि तेच रेकॉर्ड चाळिशीतही त्याच्यासमोर येतं. बाल न्याय कायद्यात जी समज दाखवली तिचा थोडा भाग तरी प्रोबेशन ॲक्टमधे आला पाहिजे, निदान बॉन्ड नीट पूर्ण करणाऱ्यासाठी.

केस संपून वर्ष झालं तरी पोलीस रिपोर्टमधे 'न्यायप्रविष्ट' येतंय.

हे फार होतं, कारण कोर्टाचा निकाल ठाण्याच्या सिस्टीममधे वेळेवर चढत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाच्या आणि आदेशाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढा. कलम ४ असेल तर बॉन्डचा काळ संपल्याचं दिसेल असा कागद किंवा परिविक्षा अधिकाऱ्याचा शेवटचा रिपोर्ट पण घ्या. मग ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने अर्ज, प्रत जोडून, 'सीसीटीएनएसमधे अद्ययावत नोंद करावी' अशी विनंती, आणि आपल्या कॉपीवर पोच, शिक्का आणि तारखेसकट. पंधरा-वीस दिवसांनी परत जाऊन बघा झालं का. हे नोकरीचा फॉर्म आल्यावर नाही, निकाल लागला की त्याच महिन्यात करा. जुनी कोर्टाची फाईल काही वर्षांनी सापडत नाही, मग प्रत मिळवायलाच महिने जातात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

प्रत्येक जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले, कमी उत्पन्नाचे, यांना वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. पहिल्या तारखेच्या आधी जा, आणि अर्जातच लिहा की पहिलाच गुन्हा आहे, प्रोबेशन ॲक्टचा अर्ज करायचा आहे.